जुन्या हिंदी-मराठी सिनेपोस्टरची किंमत कशी ठरवावी

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एकाच चित्रपटाची दोन पोस्टरे शेजारी शेजारी ठेवलेली सापडतात. चित्र तेच, आकारही साधारण तोच. एकाचे दुकानदार काही शे रुपये सांगतो, दुसरे प्लॅस्टिकमधून बाहेर काढायलाही तयार होत नाही. हा फरक चित्रपटाच्या नावामुळे पडलेला नसतो. तो कागद कधी छापला, कोणत्या पद्धतीने छापला आणि आज त्याच्यामागे किती गिऱ्हाइके आहेत, यावर भाव ठरतो. पहिल्या दोन गोष्टी बदलत नाहीत, तिसरी सतत बदलते. म्हणून आधी कागद ओळखायचा, मग बाजार पाहायचा. हा क्रम उलटा केला की हमखास पैसे बुडतात.

कागद ओळखणे

बरोबर चार वस्तू हव्यात: मोजपट्टी, १० पट मोठे दाखवणारे भिंग, साधी बॅटरी आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी. दिवसाउजेडी जा. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात.

पोस्टर पूर्ण उघडून सपाट टेबलावर ठेवायला सांगा. घडी घातलेले पोस्टर फक्त वरचा चौकोन पाहून घेऊ नका. हिंदी चित्रपटाचे नेहमीचे पोस्टर ३० × ४० इंचांचे असते, लहान पोस्टर २० × ३० इंचांचे. अर्धा इंच इकडेतिकडे चालते, कारण कडा कापल्या जातात. त्याहून मोठी पोस्टरे अनेक कागद जोडून होत. ‘सिक्स शीट’ हा शब्द त्यातूनच आला. १२ × १८, १८ × २४ इंच किंवा ए-३ हे आजच्या छपाईचे आकार आहेत. जाड, गुळगुळीत आर्ट कार्डवरचे जुने पोस्टर कोणी दाखवले तर तिथेच थांबा. भिंतीवर खळीने चिकटवायचा कागद पातळच असायचा.

आता भिंग. पन्नासच्या दशकातल्या लिथो छपाईत (दगडावर किंवा पत्र्यावर हाताने चित्र काढून केलेल्या) रंगाचे कण अनियमित, खडूने घासल्यासारखे दिसतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून पत्रा बनवून केलेल्या यंत्रछपाईत, ठिपक्यांची ठरावीक जाळी दिसते. नवे लोक इथेच चुकतात: ठिपके दिसले म्हणून पोस्टर नकली ठरवतात. सत्तरच्या दशकातली पोस्टरे आधी रंगवली जात आणि मग त्या चित्राचा फोटो काढून ऑफसेटवर छापली जात, त्यामुळे अस्सल पोस्टरच्या चेहऱ्यावरही ठिपके असणारच.

म्हणून चेहरा सोडा, अक्षरांकडे जा. निर्मात्याचे नाव, छापखान्याची बारीक ओळ, गीतकार-संगीतकारांची नावे भिंगाखाली धरा. मूळ छपाईत ही अक्षरे एका शाईची, भरीव आणि स्वच्छ कडेची असतात. जुने पोस्टर स्कॅन करून पुन्हा छापले असेल, तर अक्षरेही ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि कडा फुटलेल्या असतात. इंकजेट असेल तर जाळीसुद्धा नसते, नुसते विखुरलेले शिंतोडे असतात. एवढी एकच परीक्षा नीट केली तरी बहुतेक नकला उघड्या पडतात.

दुसरी परीक्षा बोटाची. पोस्टरे घडी घालूनच गावोगावी जात, त्यामुळे अस्सल जुन्या पोस्टरवर घड्या असतात. स्कॅन केलेल्या नकलेत त्या घड्याही छापल्या जातात. पांढरी रेघ डोळ्याला दिसते, पण बोट फिरवले तर काहीच लागत नाही. मागे वळवून पाहा: समोर घडी आहे आणि मागे कागद कोरा सपाट आहे, तर ती शाईची घडी आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागदही मागूनच ओळखू येतो. काळाने पडणारा पिवळेपणा कडांना आणि घड्यांना जास्त असतो, चहाचा सगळीकडे सारखा असतो किंवा त्याचे डबके दिसते.

अतिनील बॅटरीचा पुरावा एकाच बाजूचा आहे, हे लक्षात ठेवा. पन्नासच्या दशकातले म्हणून दाखवलेले पोस्टर निळेपांढरे झगझगीत चमकले तर संशय घ्या, कारण आजच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालतात. चमकले नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही. नक्कल जुन्या कोऱ्या कागदावरही छापता येते. सत्तर-ऐंशीच्या दशकातला कागद थोडा चमकतो, तेव्हा तिथे या परीक्षेवर फार भार टाकू नका. दुरुस्तीचे रंग मात्र याच उजेडात स्वच्छ वेगळे दिसतात.

पहिले प्रदर्शन की नंतरचे

नक्कल नाही एवढे ठरले की पुढचा प्रश्न जास्त पैशांचा असतो. गाजलेले हिंदी चित्रपट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागत आणि दर वेळी वितरक नवी पोस्टरे छापून घेत, बहुधा त्याच चित्रावरून, स्वस्त कागदावर. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. एवढ्या काळात पोस्टर एकदाच छापले गेले असेल, हे शक्य नाही. पुढे २०१४ मध्ये तो त्रिमितीतही आला. ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा, त्याची रंगीत आवृत्ती नोव्हेंबर २००४ ची. हे सगळे कागद ‘ओरिजिनल’च आहेत, कारण ते चित्रपट लावण्यासाठीच छापले होते. पण पहिल्या प्रदर्शनाचे नाहीत. दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, फक्त अर्धे सांगत असतो. विचारायचा प्रश्न असा: ‘फर्स्ट रिलीज आहे का, आणि पावतीवर तसे लिहून देणार का?’

तारीख पोस्टरवरच लपलेली असते. वितरकाचा किंवा छापखान्याचा पत्ता शोधा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी पत्ता ‘बॉम्बे-४’ असा लिहीत, नंतर ‘बॉम्बे ४०० ००४’. म्हणजे १९५७ च्या चित्रपटाच्या पोस्टरवर सहा आकडी पिन असेल, तर तो कागद १९७२ नंतरचा. इंग्रजीत ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर बहुधा १९९५ नंतरचा; मराठीत आणि गुजरातीत मुंबई पूर्वीपासूनच लिहीत, म्हणून ही खूण फक्त इंग्रजी पत्त्याला लावा. सेन्सॉरचे ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायचे) हे प्रमाणपत्र १९८३ मध्ये आले, त्याआधी ‘यू’ आणि ‘ए’ एवढेच वर्ग प्रचलित होते. दहा आकडी मोबाइल क्रमांक असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. शीर्षक इंग्रजी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत असणे हे जुनेपणाचे लक्षण आहे, पण नंतरच्या छपाईने जुनेच चित्र वापरले तर तिन्ही लिप्या तशाच येतात. तो पुरावा नव्हे, नुसता इशारा.

काही पोस्टरांवर यातली एकही खूण नसते. तिथे दुसऱ्या खात्रीच्या प्रतीशी तुलना हाच मार्ग, आणि तोवर भाव नंतरच्या प्रदर्शनाचाच (री-रिलीजचाच) धरायचा.

कलाकाराची सही हाही भाव वाढवणारा भाग आहे. दिवाकर करकरे, पंडित रामकुमार शर्मा, एस. एम. पंडित ही नावे माहीत असणारा ग्राहक चित्रपटासाठी येत नाही, हातासाठी येतो. कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांचे ‘मुघल-ए-आझम’चे काम आणि त्याआधी बाबुराव पेंटरांची पोस्टरे ही तर मराठी माणसाने डोळ्यांत साठवावीत अशी चित्रकला आहे. सही चित्राबरोबर छापलेली असते, पेनाने नंतर केलेली नसते. तीही भिंगाखाली पाहा.

भाव काढण्याची रीत

मागितलेला भाव हा भाव नव्हे. ऑनलाइन दुकानात कोणी एक लाख लिहून ठेवले आहे आणि ते पोस्टर तीन वर्षे तिथेच पडून आहे, याचा अर्थ एवढाच की एक लाखाला ते कोणी घेत नाही. फक्त विकल्याचे आकडे गोळा करा. ईबेवर ‘सोल्ड’ ही चाळणी लावली की साधारण गेल्या ९० दिवसांचे व्यवहार दिसतात. तिथे किमतीवर काट मारलेली असेल तर घासाघीस होऊन कमी पैशांत सौदा झालेला असतो आणि खरा आकडा दिसत नाही, म्हणून ती नोंद सोडून द्या. हेरिटेजसारख्या परदेशी लिलावगृहाचे जुने निकाल नाव नोंदवून पाहता येतात. मुंबईत डेरिवाझ अँड आइव्ह्ज चित्रपटविषयक वस्तूंचे लिलाव करते. त्याचे निकालही जपून ठेवा.

वहीत सहा रकाने आखा: तारीख, आकार, पहिले प्रदर्शन की नंतरचे, अवस्था, कापडावर चिकटवले आहे का, रक्कम. रकमेत प्रीमियम (बोलीच्या वर लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क) धरला आहे की नाही हेही टिपा, नाहीतर दोन लिलावगृहांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच छपाईच्या किमान पाच नोंदी हव्यात. सर्वात मोठी आणि सर्वात लहान बाजूला ठेवा, उरलेल्यांतली मधली घ्या. पाच मिळत नसतील तर त्याच नायकाच्या, त्याच दशकातल्या, तितक्याच गाजलेल्या चित्रपटाच्या नोंदी घ्या आणि स्वतःचा अंदाज कच्चा आहे हे मान्य करून कमी बोली लावा.

सर्वात मोठी रक्कम बाजूला का ठेवायची, ते समजून घ्या. लिलावात विक्रम व्हायला दोनच हट्टी माणसे लागतात. पहिल्याला पोस्टर मिळाले की तो बाजारातून उठतो. पुढच्या प्रतीला दुसरा एकटाच उरतो आणि तिसऱ्याच्या बोलीपेक्षा थोडे वर देऊन घेऊन जातो. शिवाय विक्रमाची बातमी पसरली की कपाटे उघडतात आणि प्रती बाहेर येतात. अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. १९३२ च्या ‘द ममी’चे पोस्टर १९९७ मध्ये सदबीजच्या लिलावात ४,५३,५०० डॉलरला गेले. त्याची दुसरी प्रत २०१८ मध्ये त्याच लिलावगृहाने मांडली तेव्हा ती विकलीच गेली नाही. पोस्टर तेच, दुर्मीळपणा तोच, पण मागितलेल्या रकमेला त्या दिवशी माणूस नव्हता.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे: गठ्ठा. एकपडदा चित्रपटगृहे बंद होतात, वितरकांची गोदामे रिकामी होतात आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या चित्रपटाची न वापरलेली कोरी पोस्टरे गठ्ठ्याने बाजारात येतात. दुकानदार असा गठ्ठा एकदम दाखवत नाही, एकेक काढतो. एकच करकरीत पोस्टर तीन दुकानांत दिसले तर घाई करू नका, सहा महिन्यांनी ते स्वस्तच मिळेल. याच्या उलट, आपटलेल्या किंवा पुन्हा न लागलेल्या चित्रपटांची पोस्टरे मुळातच थोडी छापली गेली. पण थोडी असणे म्हणजे महाग असणे नव्हे. मागायला कोणी हवे.

मागणीची लाट

हिंदी पोस्टरांकडे कलावस्तू म्हणून पाहणे फार जुने नाही. २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी चित्रपटांच्या कलेवर प्रदर्शन भरवले, त्याच सुमारास भारतात ओशियान्स या लिलावगृहाने पोस्टरे लिलावात आणली. त्याआधी ही रद्दी होती. आज ग्राहक तीन प्रकारचे आहेत आणि तिघांची मागणी वेगवेगळी हलते.

पहिला सजावटीचा ग्राहक: हॉटेल, कॅफे, घराची भिंत. त्याला ओळखीचा चेहरा आणि भडक रंग हवेत. तो री-रिलीजवर खूश असतो, कधी नकलेवरही. चांगली नक्कल स्वस्त मिळू लागली की तो खऱ्या पोस्टरपासून दूर जातो, म्हणून मधल्या दर्जाच्या, फाटक्या, सामान्य पोस्टरांचे भाव वाढत नाहीत. दुसरा आठवणींचा ग्राहक: ज्या वयात चित्रपट पाहिले, ते चित्रपट तो हातात पैसा आल्यावर विकत घेतो. ही मागणी पिढीबरोबर सरकते. चाळीस-पन्नासच्या दशकातले चित्रपट तरुणपणी पाहिलेला ग्राहक कमी होत चालला आहे. अमिताभच्या काळावर आणि त्यानंतर नव्वदच्या दशकावर डोळा असलेला वाढतो आहे. तिसरा गंभीर संग्राहक. तो संख्येने थोडा, पण पहिले प्रदर्शन आणि उत्तम अवस्था यांसाठी तो पैसे मोजतो, आणि मंदीतही टिकतो. घेताना स्वतःला विचारा, हे पोस्टर उद्या या तिघांपैकी कोण घेईल? उत्तर ‘फक्त पहिला’ असेल, तर भिंतीसाठी घ्या, पैशांसाठी घेऊ नका.

लाटेची वेळ बऱ्याचदा आधीच ठाऊक असते. देव आनंदची शताब्दी २०२३ मध्ये, राज कपूरची डिसेंबर २०२४ मध्ये, गुरुदत्तची जुलै २०२५ मध्ये, ‘शोले’ची पन्नाशी ऑगस्ट २०२५ मध्ये. महोत्सव होतात, चित्रपट पुन्हा लागतात, वृत्तपत्रे लिहितात. विकायचे असेल तर शताब्दीच्या दिवसाआधी तीन-चार महिने बाहेर काढा. ऐन महिन्यात सगळेच काढतात. घ्यायचे असेल तर दिवस उलटून वर्षभर थांबा. कलाकाराच्या निधनानंतरच्या आठवड्यात तर काहीही घेऊ नका. ती गर्दी दुःखाची असते, आणि दुःखात माणूस भिंग काढत नाही.

मराठी पोस्टरांचा हिशेब वेगळा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेला ‘सांगत्ये ऐका’ असो की दादा कोंडक्यांचे चित्रपट, त्यांचा पट्टा महाराष्ट्र आणि भोवतालचा थोडा प्रदेश एवढाच. छपाई कमी, आणि जी झाली ती भिंतींवर गेली. प्रभातच्या काळातले अस्सल पोस्टर हाती लागणे ही तर दुर्मीळ गोष्ट. पण मराठी पोस्टरवर हट्टाने बोली लावणारेही मोजकेच. दोन हजर असले तर भाव चढतो, एक असला तर पडतो. इथे सरासरी काढून उपयोग नाही. पटले तर घ्यावे आणि जपावे. असे एखादे पोस्टर घरात सापडले आणि ठेवायचे नसेल, तर रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.

घेण्याचा आणि विकण्याचा खर्च

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. टक्केवारी प्रत्येक लिलावगृहाच्या अटींत वाचा. हातोडा २०,००० ला पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी होती. खरेदीदाराचा प्रीमियम २० टक्के, म्हणजे ४,०००. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी ७२०. पॅकिंग-कुरिअर ८००. घरात पोस्टर २५,५२० ला आले. दोन वर्षांनी तेच २८,००० ला विकले. विक्रेत्याकडून १५ टक्के कमिशन ४,२००, त्यावर जीएसटी ७५६. हातात आले २३,०४४. म्हणजे भाव ४० टक्क्यांनी चढूनही २,४७६ रुपयांचा तोटा. म्हणून बोलीची मर्यादा ठरवताना हातोड्याचा नव्हे, घरात पोहोचेपर्यंतचा आकडा कागदावर लिहा आणि त्यापुढे हात वर करू नका.

परदेशी ग्राहकाला विकताना वय पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची कलावस्तू पुरावस्तू ठरते; ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाच्या दस्तऐवजाला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० च्या दशकातली मूकपटांची पोस्टरे शंभरी गाठू लागली आहेत. या वयाच्या जवळपासचे काहीही पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्या.

अवस्था राखणे

आठ चौकोनांत घडी घातलेल्या पोस्टरमध्ये घड्या तीन ठिकाणी एकमेकींना छेदतात. कागद प्रथम तिथेच फाटतो. पोस्टर उजेडासमोर धरून ही तीन भोके आधी पाहा. त्यांवर मागून सेलोटेप लावलेली असेल तर तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग पडतो आणि तो पुढे समोर येतो. स्वतः ओढून काढू नका, शाईसकट निघेल.

लॅमिनेशन म्हणजे पोस्टरचा शेवट. ते परत काढता येत नाही, आणि गंभीर संग्राहक अशा पोस्टरला हात लावत नाही. कापडावर चढवणे योग्य रीतीने झाले तर भाव टिकतो: गव्हाच्या सत्त्वाची खळ, जपानी कागद आणि मग कापड, म्हणजे उद्या पाण्याने सोडवता येते. बाजारात मात्र मांजरपाटावर फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने थेट चिकटवून देतात आणि फाटलेल्या जागी पोस्टर कलर भरतात. तो गोंद सुटत नाही. कोणता गोंद वापरला हे कारागिराला आधी विचारा, उत्तर देत नसेल तर पोस्टर परत आणा. थोडे फाटलेले पोस्टर वाईट दुरुस्तीपेक्षा केव्हाही जास्त भावाला जाते.

धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. ओले कापड नको, काही शाया पाण्याने पसरतात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लमुक्त कागद घालून, सपाट ठेवा. पीव्हीसीचे स्वस्त प्लॅस्टिक वर्षांनी चिकट होते. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. दमटपणा ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा, स्वस्त आर्द्रतामापक कपाटातच ठेवा, सिलिका जेल महिन्याला तापवून कोरडे करा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, कारण ओल तिथूनच येते. कसर आणि वाळवी पाहण्यासाठी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा सगळे उघडा. फ्रेम करायची तर काचेला कागद टेकू नये म्हणून मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला, आणि अतिनील किरण अडवणारे अॅक्रिलिक वापरा. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

पाठवताना, कापडावर चढवलेले पोस्टर किमान चार इंच व्यासाच्या नळीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे घालून द्या. ठिसूळ, घडीचे पोस्टर गुंडाळायचा प्रयत्न करू नका, ते घड्यांवर तुटते. जुन्या घड्यांवरच हलके मिटून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. बंद करण्याआधी पुढचा, मागचा आणि तिन्ही छेदांचा फोटो तारखेसह काढून ग्राहकाला पाठवा, म्हणजे वाटेत फाटले की आधीच फाटलेले होते, हा वाद उभा राहत नाही.